रंगीत तालीम

भोंगा साडेदहाचा. जखमी नऊलाच येऊन बसलेत
रबाळ्याच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये, उकिडवे, उपमा खात.
बीट आणि मक्याच्या पिठाचं रक्त
भिवा मढवींनी रात्रीच शिजवून आणलंय दोन किटल्यांत,
मुंग्या लागू नयेत म्हणून
किटल्या पाण्याच्या परातीत.
सगळ्यांना मेलेलंच व्हायचंय.
मेलेल्यांना ओरडावं लागत नाही,
पडल्या पडल्या डुलकी काढता येते.

चार नंबरची टाकी फुटली, असं समजायचं.
छपरावरची वाऱ्याची पिशवी पारसिकच्या डोंगराकडे फुगलीय,
म्हणजे वायू डोंगराकडे गेला, असं समजायचं,
आणि आपण शिरायचं खाडीच्या अंगानं.

माझ्या कमरेला चार गुंडाळ्या:
लाल, पिवळी, हिरवी, काळी.
नऊ वर्षं परिपत्रकात वाचत आले ‘रंगीत तालीम’,
त्यातला रंग आज कमरेला टोचतोय.

“ज्यांना चालता येतंय त्यांनी कडुलिंबाखाली या!”
कर्ण्यातून गवस साहेब.
अर्धे उठले, लंगडत, हसू दाबत. हिरवे.
उरलेले माझे.

माणसामागे तीस सेकंद.
छाती हलतेय? मोज. नख दाब, सोड,
दोन म्हणेस्तोवर गुलाबी परत यायला हवं.
“माझा हात दाबा.” दाबला. पिवळा. पुढे.
श्वास मिनिटाला तीसच्या वर. लाल. पुढे.
मांडीतून रक्त. त्याचाच तळवा त्याच्याच जखमेवर ठेवला,
दाबून धर रे दादा,
लाल. पुढे.

सातवा यज्ञेश भोईर, आयटीआयचा पोरगा.
गळ्यात पुठ्ठा: श्वास नाही.
हनुवटी उचलली, कान लावला, पुठ्ठा उलटून पाहिला.
मागेही लिहिलेलं: अजूनही नाही.
पण तोंडाला फोडणीतल्या मोहरीचा वास होता
आणि मानेखाली खडी.
मी रुमालाची घडी सरकवली डोक्याखाली
आणि बसले.
का बसले, विचारू नका.
आमच्या वॉर्डात चालू पेशंट सोडून उठलं
तर मेमो मिळतो.

पुण्याहून आलेला घड्याळवाला शेजारी वाकला,
हळूच म्हणाला, लग्नात निरोप सांगावा तसं,
“सिस्टर, एक मिनिट पन्नास.
कुंपणापाशी तीन लाल होते.”

होते.

तिकडे पाहिलं.
होमगार्डच्या तिघी बायका पडल्या पडल्या
गळ्यातले पुठ्ठे उलटे करत होत्या, निमूटपणे.
एकीनं नाक खाजवून घेतलं आधी,
मग मेली.

साडेबाराला पुन्हा.
तेच भाजलेले, तेच मेलेले,
रक्ताची खपली, तिच्यावर माशा,
डांबर तापलेलं.
हनुवटी. कान. पुठ्ठा. काळी फीत. गाठ.
पुढे.
पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता,
चांगला भरदार, मिनिटाला सोळा असेल.
पुढे.
कुंपणापर्यंत पोचले. तिघीही लाल.
एकीनं माझा हात एवढा दाबला
की अंगठी रुतली.

परतताना घणसोलीच्या सिग्नलला
व्हॅनच्या काचेतून दिसला तो,
सायकलच्या कॅरियरला डबा, डब्याभोवती काळी फीत,
कानाशी बीट सुकलेलं.
मला पाहून घंटी वाजवली त्यानं दोनदा.
काच खाली करून मागता आली असती.

भांडारात घरत काका चष्मा कपाळावर चढवून मोजतात.
लाल बरोबर. पिवळ्या बरोबर.
हिरवीचा गुंता, पण बरोबर.
“काळ्या बारा दिलेल्या, बाई, अकरा आल्यात.
गहाळ लिहा आणि सही करा.”

पेन धक्क्याला येतं तसं दोनदा झटकलं,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
एक वापरात.